आठव्या मिनिटाला मी पडते

मोलगी,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मोहिनी,

तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तू कट केलास. चौथा करायचा तर पुन्हा टेकडी चढून रेंजमध्ये जावं लागलं असतं. म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र कट करता येत नाही.

तुझ्या पोस्टरवरच्या नंबरावरही फोन केला होता. नाशिकहून भाग्येश नावाचा मुलगा बोलला, फार गोड. निवृत्त खेळाडूंना कार्यक्रमांत भाषणासाठी पाठवणं हाच त्याचा धंदा आहे म्हणे. "क्रिकेटवाले ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यात मोहिनीताईंना चांगली मागणी आहे," म्हणाला. मग तुझ्या बारा मिनिटांचा भाव सांगितला, वर गाडी आणि एसी खोली. मी म्हटलं, "अहो, मोहिनी महाराष्ट्राची कर्णधार झाली तेव्हा तिच्या डाव्या कोपऱ्यात मी उभी होते. आठ वर्षं एका चादरीत झोपलो आम्ही. तिला फक्त सांगा, कामिनीचा फोन होता." तर म्हणतो कसा, "मॅडम, असे फोन रोज येतात."

असो. काम असं आहे की आमच्या निवासी शाळेच्या मुलींचा कबड्डीचा संघ यंदा खरोखर चांगला आहे. सप्टेंबरात अक्कलकुव्याला तालुक्याच्या स्पर्धा आहेत. त्याआधी एकदा तू येऊन मुलींशी बोलावंस. एसी खोली मिळणार नाही, पण आमच्या स्वयंपाकीण कौसाबाईच्या हातची भाकर मिळेल.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ मी त्यांना दाखवला. तू अंतिम सामन्यात डोक्यावर पडतेस, उठतेस आणि शेवटच्या चढाईत तीन गुण आणतेस, तिथे सगळ्या किंचाळल्या. ममता नावाची एक मुलगी आहे, पावरा आदिवासी, चौदा वर्षांची. चढाईला निघाली की पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. तिला तुझं वाक्य पाठ झालंय : "डोकं फुटलं तरी दम सुटू द्यायचा नाही." ते तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

एकदा ये.

तुझी,
कामिनी


ब्राह्मणपुरी,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय कामिनी,

तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. मुलींची प्रगती वाचून अभिमान वाटला.

सध्या कार्यक्रम बरेच आहेत. पतसंस्थांच्या सभा, ठिबकवाल्या कंपनीच्या विक्रेत्यांचा मेळावा, शाळा-कॉलेजं. तारखा भाग्येश बघतो, मी त्यात पडत नाही. तरी तुझ्या मुलींना माझे आशीर्वाद सांग. मैदानावर भीती नावाची गोष्ट नसते, हे त्यांना सांग. डोकं फुटलं तरी दम सुटू द्यायचा नाही.

इकडे सगळे ठीक. हेमकांत केळीच्या मागे असतात. ऊसही बरा आहे.

आई कशा आहेत? गुडघ्याला तेल लावतात का? त्यांना सांग, त्यांच्या हातची कळण्याची भाकरी खायला मी दिवाळीत नक्की येणार आहे.

तारखा भाग्येश बघतो, मी त्यात पडत नाही.

तुझी,
मोहिनी


मोलगी,
२६ ऑगस्ट २०२५

मोहिनी,

माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. तू आली होतीस. तिला आंघोळ घालताना पाण्याची कळशी तुझ्या हातात होती. तिच्या पायातली जोडवी तू काढलीस, कारण माझ्यानं काढवेनात.

लोक मोठे होतात, मान्य. कार्यक्रम असतात, गाड्या येतात. पण दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं असेल तर निदान त्याला एवढं तरी सांगावं की कामिनीची आई वारलेली आहे.

मुलींना तुझे आशीर्वाद पोचवले. पुन्हा फोन करणार नाही.

कामिनी


ब्राह्मणपुरी,
७ सप्टेंबर २०२५

कामी,

पत्र मीच लिहिलं होतं. अक्षर बघ, माझंच आहे.

तुझं पत्र आल्यावर मी गोठ्यामागे जाऊन बसले आणि कळशी आठवायचा प्रयत्न केला. तू लिहिलंयस म्हणजे खरं असणार. मला आई जिवंतच आठवतात. कामी, मला फार भीती वाटते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, हेमकांतनासुद्धा नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

फोन मी घमेंडीनं कट करत नाही. फोनवर मला शब्द सापडत नाहीत. साधे शब्द. परवा 'चमचा' सापडेना. पलीकडचं माणूस गप्प होऊन वाट बघतं आणि त्या गप्प बसण्यानं माझे उरलेसुरले शब्दही पळतात. कागदाचं बरं असतं, एक वाक्य लिहायला तासभर घेतला तरी कुणाला कळत नाही. मागचं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले.

तू म्हणशील, मग भाषणं कशी करते? भाषण तेवढं पाठ आहे. चाळीस-पन्नास वेळा तेच केलंय. भाग्येशनं घड्याळ लावून बसवून दिलंय. आठव्या मिनिटाला मी पडते, नवव्या मिनिटाला उठते, बाराव्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तेवढी बारा मिनिटं मला भीती वाटत नाही. त्यानंतर वाटते.

जूनमध्ये एका संस्थेच्या कार्यक्रमात भाषण संपल्यावर एका बाईंनी सहज विचारलं, "ताई, मुलं किती तुम्हाला?" मी म्हटलं, "सात." सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी संघातल्या सात जणींबद्दल बोलले. मला दोन मुलं आहेत, कामी. स्टेजवरून उतरेपर्यंत मला ती दोन आठवली नाहीत. बाहेर येऊन मी भलत्याच गाडीत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमची पांढरी आहे."

मग धुळ्याला डॉक्टरांकडे गेले. घरी सांगितलं, गुडघ्यासाठी जातेय. त्यांनी विचारलं, डोक्याला कधी मार लागलाय का? मी त्यांना अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली, भाषणात सांगते तश्शी. सांगून झाल्यावर, खरं सांगते, ते टाळी वाजवतील असं मला वाटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नंतर किती दिवसांनी खेळलात?" म्हटलं, "तिसऱ्याच दिवशी." "आणि असा मार एकूण किती वेळा?" मला मोजता येईना. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. त्या कागदाची घडी अजून माझ्या बॅगेत आहे. उघडलेली नाही.

आता तुला एक विचारायचं आहे. तो सामना मला आठवत नाही. पडल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच नाही. जे भाषणात सांगते ते वर्तमानपत्राच्या कात्रणातलं आहे. बावीस वर्षं तेच वाचून माझं झालंय. तू तिथे होतीस. काय झालं होतं?

मोहिनी


मोलगी,
१४ सप्टेंबर २०२५

मोहिनी,

पत्र फाडलं नाही. उशीखाली ठेवलंय. तुला जे बोलले त्याबद्दल माफी मागायची आहे, पण त्याआधी याहून मोठी माफी मागायची आहे.

तुला दोघींनी मिळून पकडलं आणि तू उलटी होऊन डोक्यावर आपटलीस. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तू हलत नव्हतीस. पेपरात आलं की 'क्षणार्धात उठली'. क्षणार्धात नाही. आम्ही पाणी मारत होतो. डोळे उघडलेस तेव्हा तू मला "ताई" म्हणालीस. मग कनातीमागे नेलं तर भडाभडा उलटी केलीस. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "उलटी वगैरे झाली का?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, "नाही."

मी म्हटलं, मोहिनी. दुसऱ्या कुणी नाही.

मग तुझ्या कानाशी वाकून बोलले, "ऊठ मोहनी, दीड मिनिट बाकी शे. तू नही उठनी ते हारी जासूत आपण." तुला धरून मीच उभं केलं. तुला मैदानाची रेघ कुठे आहे ते माहीत नव्हतं, मी तुझं तोंड त्या दिशेला वळवलं आणि पाठीवर थाप मारली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझं नाव कुठे आलं नाही, ते बरंच झालं असं मला वाटत आलंय. तू भाषणात मला वगळतेस म्हणून मी हसायचे. मला वाटायचं, तू मला सांभाळून घेतेस. तुला आठवतच नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आणि तरी मी मुलींना तो व्हिडिओ दाखवला. सगळं ठाऊक असून.

हेमकांतभाऊंना सांग. आजच सांग. ती घडी उघड. तुझ्या पाया पडते.

इकडचं नेहमीचं. शुक्रवारी सकाळी संघाला घेऊन अक्कलकुव्याला उतरते आहे. ममताला गुरुवारी सरावात गुडघा लागला, कानाच्या वर. दिवसभर डोकं धरून बसली होती, आता बरं आहे म्हणते. मी दोनदा विचारलं. हसते.

तुझी,
कामिनी


उधना, सुरत,
२२ सप्टेंबर २०२५

मोहिनी,

शुक्रवारी हेमकांतभाऊंना फोनवर दोन ओळी सांगितल्या होत्या, तेवढंच तुला कळलं असेल. मावसबहिणीकडे उतरलेय. दवाखान्यात पाळ्या लावल्यात, आता जालमसिंग, म्हणजे ममताचे वडील, तिथे आहेत. मी झोपायला आले आणि झोप येत नाही.

शुक्रवारी दुपारी पहिल्या सामन्याला दहा मिनिटं होती. ममता बुटाची नाडी बांधत होती. फोन वाजला, कौसाबाईचा नंबर. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग "का... का..." असं काहीतरी. मला वाटलं, कुणी पोरं थट्टा करताहेत. कट करणार होते. मोहिनी, माझं बोट त्या लाल खुणेवर होतं.

मग कौसाबाईचा आवाज आला. "मॅडम, मोहिनी मॅडम आल्यात इथं. त्यांना बोलता नाही येत. त्या म्हणतात, ममताला नका खेळवू. मॅडम, पोरगी दोन दिवस उलट्या करते. मागल्या न्हाणीत. वरून राख टाकते. मला म्हणे, कोणाला सांगशील तर मी जेवणार नाही."

मी ममताचा हात धरून तिला बाजूला ओढलं. ती रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, मोहिनी मॅडम उठल्या होत्या ना?" मी तिला माझ्या शेजारी बसवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून सामना बघत होती. आमच्या मुलींनी लोण चढवला, मी ओरडले, आणि तिच्याकडे बघितलं तर ती झोपली होती. हलवलं. हाक मारली. एक डोळा अर्धा उघडला, त्याची बाहुली केवढी तरी मोठी झाली होती.

अक्कलकुव्याहून नंदुरबार, तिथून सुरत. डोक्याच्या कवटीत रक्त साचत होतं, आठ दिवस, थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले, ती पळत असताना हे झालं असतं तर इथपर्यंत आणायचं कारणच उरलं नसतं. ऑपरेशन झालंय. तीन दिवस झाले, डोळे उघडलेले नाहीत.

जालमसिंग भिंतीला टेकून उकिडवे बसलेले असतात. काल मला म्हणाले, "पोरीनं लपवलं कशाला? घरी काटा मोडला तरी बोंब मारते." मी त्यांना सगळं सांगितलं, व्हिडिओचंही. त्यांनी तो दाखवायला सांगितला. वाचता येत नाही त्यांना, पण मराठी समजते. बारा मिनिटं पापणी न हलवता बघितलं. मग फोन माझ्या हातात देऊन विचारलं, "ही बाई खोटं बोलते का?"

मी काय सांगू त्यांना?

तू मोलगीला कशी पोचलीस? कुणासोबत? अक्कलकुव्याचं मैदान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. तू आमच्याजवळून गेलीस, मोहिनी.

कामिनी


ब्राह्मणपुरी,
२८ सप्टेंबर २०२५

कामी,

त्यांना सांग, हो. ही बाई खोटं बोलते. तिला तो सामना आठवत नाही, आणि ज्या गोष्टीनं तिचं वाटोळं केलं तीच ती गावोगाव विकत फिरते. माझ्या नावानं सांग, कचरू नकोस.

तुझं आधीचं पत्र मला त्या गुरुवारी संध्याकाळी मिळालं. शेवटची चार वाक्यं वाचली. फोन लावला, तुझा बंद. शुक्रवारी सकाळी हेमकांत केळीची गाडी भरून घेत होते. त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मी अजून घाबरत होते. म्हटलं, मीच जाते. डाव्या हातावर पेनानं लिहिलं : शहादा, तळोदा, अक्कलकुवा, मोलगी. बस बदलली की एकेक नाव खोडायचं.

अक्कलकुव्याला उतरले तेव्हा पोरांचा गलका ऐकू आला होता. शिट्टीही ऐकली. पण हातावर 'मोलगी' होतं, म्हणून मी जीप शोधत राहिले.

घाटात जीपमध्ये बाया बाजाराच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका वळणावर मला कळेना, मी कुठे चाललेय. हातावर बघितलं. मोलगी. कशाला? ते लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या बाईला विचारायचं म्हटलं तर काय विचारू? बॅगेत तुझं पत्र सापडलं. ते वाचलं आणि नव्यानं घाबरले. दोन वळणांनी पुन्हा तेच झालं. तुझं पत्र मी त्या घाटात तीनदा पहिल्यांदा वाचलं, कामी.

शाळेत पोचले तर संघ सकाळीच गेलेला. कौसाबाई तांदूळ निवडत होत्या. मी पत्रच त्यांच्यापुढे धरलं, ममताच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि राखेचं सांगितलं. मग आम्ही दोघी टेकडीवर पळत गेलो. तू फोन उचललास आणि माझ्या तोंडातून तुझं नावसुद्धा निघेना. बाकी तुला माहीतच आहे. कौसाबाईंनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला नसता तर मी तिथे 'का, का' करत उभी राहिले असते आणि पोरगी मैदानात गेली असती. हे मनातून जात नाही.

तुझ्या फोननंतर हेमकांत न्यायला आले. तिथे शाळेच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माले काबर नही सांगं?" मला का नाही सांगितलंस, एवढंच. परत येताना धुळ्याच्या डॉक्टरांचा कागद त्यांनीच उघडला. पुढच्या आठवड्यात तपासण्या आहेत. आणखी वाईट व्हायचं थांबवता येईल की नाही, ते त्यानंतर कळेल.

आता दुसरी गोष्ट. आठ ऑक्टोबरला शहाद्यात एका मंगल कार्यालयात तालुक्यातल्या शाळांच्या खेळाडूंचा मेळावा आहे. सहाशे मुलं येणार. माझं नाव छापून झालंय. मी भाग्येशला सांगितलं, यावेळी मी खरं सांगणार. तो म्हणाला, "ताई, लोक आपल्याला उठण्याचे पैसे देतात, पडण्याचे नाही. आजारपण लोकांना कळलं तर पुढे कुणी बोलावणार नाही." तो वाईट मुलगा नाही. त्याच्या यादीतल्या एका जुन्या पैलवानाला त्यानं दवाखान्यातही नेलंय. पण तोही घाबरलाय.

जुनं भाषण पाठ आहे. नवं पाठ होत नाही. चार ओळी केल्या की पहिली जाते. कागद बघून वाचणार आहे. सहाशे पोरांपुढे मध्येच कोरी झाले तर काय करायचं? तू पुढच्या रांगेत येऊन बसशील का?

मोहिनी


उधना, सुरत,
६ ऑक्टोबर २०२५

मोहिनी,

ममतानं डोळे उघडले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. बापाला ओळखलं, मला ओळखलं. उजवा हात अजून उचलत नाही. आणि एक वेगळंच झालंय, तिची मराठी गेलीय. मी बोलते ते तिला समजतं असं वाटतं, पण उत्तर देते ते पावरीत. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, किंवा थोडीच येईल. आठ वर्षं मोलगीत राहून मला पावरी धड येत नाही, त्यामुळे ती बोलते आणि जालमसिंग मला सांगतात. काल ती बराच वेळ बोलली. मी विचारलं, काय म्हणते? ते म्हणाले, "विचारते, संघातून काढलं का."

तिला सोडून मला येता येत नाही. रागावू नकोस. तुला पुढच्या रांगेत मी हवी होते आणि मी नसणार, याचं वाईट वाटतं.

पण जालमसिंग येत आहेत. मी पाठवलं नाही. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, 'ही बाई खोटं बोलते' हेही. त्यांनी विचारलं, कार्यक्रम कुठे आहे. मी सांगितलं. आज म्हणाले, "मी जातो. ऐकतो." तिथे काय करणार, काय बोलणार, मला माहीत नाही. त्यांची बायको इथे आली आहे, म्हणून ते निघू शकतात. हे पत्र तेच घेऊन येताहेत. तुला मिळेल तेव्हा ते तुझ्यासमोर उभे असतील.

मला त्यांची भीती वाटत नाही, असं लिहिणार होते. खरं नाही ते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

कागदाला पानांचे आकडे घाल.

कामिनी


ब्राह्मणपुरी,
९ ऑक्टोबर २०२५

कामी,

हे कालचं आहे. आज सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले आहे, काही निसटायच्या आत. हेमकांत शेजारी बसलेत, जिथे अडते तिथे ते सांगतात.

जालमसिंग दाराशीच भेटले. तुझं पत्र दिलं आणि मागे सरले. मी तिथेच वाचलं. नमस्कार केला. त्यांनी केला नाही. आत जाऊन शेवटच्या ओळीमागे भिंतीला टेकून उभे राहिले. स्टेजवरून मला सहाशे पोरांच्या डोक्यांवरून ते एकटेच दिसत होते.

माझा परिचय झाला, जुनाच. मग मी कागद काढले. माइकमध्ये कागदाची फडफड ऐकू येत होती. मी वाचलं. कनातीमागची उलटी वाचली. तुझं नाव घेतलं नाही, 'माझ्या मैत्रिणीनं नाही म्हटलं, आणि मीही तेच म्हटलं असतं' असं वाचलं. सात मुलांचं वाचलं. त्यावर काही पोरं हसली, मग त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी. तिसऱ्या पानावर मी हरवले. कुठली ओळ ते दिसेना. मी म्हटलं, "थांबा, मला सापडत नाहीये." किती वेळ गेला माहीत नाही, हेमकांत म्हणतात मिनिटभर. मग पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेनं हळूच सांगितलं, "मॅडम, 'ममता'वर होतात तुम्ही." तिथून पुढे वाचलं. शेवटी म्हटलं, डोक्याला लागलं तर सांगा. बसा. सामना जाऊ द्या.

टाळ्या नाहीत. कुणाला कळलंच नाही की संपलं. भाग्येश बाजूला उभा राहून खाली बघत होता. आयोजकांनी घाईघाईनं शाल दिली.

खाली उतरले तर रोज सह्या घ्यायला पोरं येतात तशी आली. पण वह्या नव्हत्या. पहिली मुलगी जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "मॅडम, मला पण लागलं होतं, दिवाळीत." दुसरी म्हणाली, माझ्या भावाला. एक मुलगा आला, त्याला सायकलवरून पडल्यापासून फळ्यावरचं वाचलं की मळमळतं. सहा जण आले, कामी. मी माझ्याच भाषणाच्या मागे त्यांची नावं लिहून घेत होते. इतकी वर्षं ही पोरं माझ्यासमोर बसून टाळ्या वाजवत होती.

सगळ्यात शेवटी एक बारीकशी मुलगी. खो-खो खेळते. परवा खांबावर आपटली. घरी सांगितलं नाही, कारण उद्या तिचा सामना होता. म्हणजे आज. मी विचारलं, "आता कसं वाटतं?" ती म्हणाली, "मॅडम, मला तुम्ही दोन दिसताय."

मी ओरडले. शब्द काही नव्हते, नुसती ओरडले. भाग्येश गाडी काढायला धावला, माझ्यासाठी आणलेली तीच गाडी. हेमकांत पाणी आणायला गेले. मुलीचे शिक्षक दुसऱ्या पोरांना बसमध्ये चढवत होते, त्यांना शोधायला कुणीतरी पळालं. ती मुलगी घाबरून रडायला लागली, आणि मी तिच्यापुढे नुसती उभी, हात पुढे करून.

तेव्हा जालमसिंग भिंत सोडून आले. माझ्याजवळून गेले, माझ्याकडे बघितलं नाही. मला काय बोलायला ते एवढ्या लांबून आले होते ते मला कधी कळणार नाही. त्यांनी त्या मुलीला खुर्चीत बसवलं, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, हलू नये म्हणून, आणि खिशातून फोन काढला.

"बापाचा नंबर सांग," म्हणाले.

तिनं सांगितला. एकेक आकडा त्यांनी दाबला. गाडीपर्यंत चालताना एका हातानं तिला धरून ते फोनवर बोलत होते, आणि मी मागून ऐकत होते :

"तू मला ओळखत नाही. तुझी पोरगी माझ्याजवळ आहे. जिवंत आहे. हातातलं काम सोड, आणि ये."

तुझी,
मोहिनी